उंचीचे आकडे

"हा घाट नाही," काका म्हणाला. "लोणावळ्यापुढे जमीन अशी हळूहळू उतरत नाही रे. ती तुटते."

२००४च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या १७ इंची मॉनिटरवर सेसना १७२ लोहगावहून उडून जुहूकडे निघाली होती आणि काका शेजारी खुर्ची ओढून बसला होता. त्याने सह्याद्रीतले शंभरावर किल्ले पायी केलेले. विमान कसं उडतंय याकडे त्याचं लक्षच नव्हतं. खाली काय दिसतंय ते तो बघत होता. मी बारा वर्षं फ्लाइट सिम्युलेटरच्या छंदात होतो, पण ही गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती. कारण मी खाली कधी बघतच नव्हतो.

त्याला कारण होतं. १९९२ साली ओळखीच्या एका ऑफिसात सुटीच्या दिवशी ३८६ संगणकावर बसायची परवानगी मिळाली, तेव्हा फ्लॉपीवरून सुरू होणारा फ्लाइट सिम्युलेटर मी पहिल्यांदा पाहिला. ब्रूस आर्टविक या इंजिनिअरने १९८० साली ॲपल २ साठी नुसत्या रेषांचा पहिला सिम्युलेटर आणला होता. १९८२ मध्ये तोच मायक्रोसॉफ्टच्या नावाने पीसीवर आला. माझ्या हाती पडली ती चौथी आवृत्ती. तिच्यात भारत नव्हताच. विमान उभं असायचं शिकागोच्या मेग्ज फील्डवर, मिशिगन सरोवराच्या काठच्या लहानशा धावपट्टीवर. उजवीकडे पाणी, डावीकडे काही ठोकळे, म्हणजे शहर. बाकी सगळी जमीन इस्त्री केल्यासारखी सपाट.

बाहेर बघण्यासारखं काही नसल्यामुळे नजर आपोआप डायलवर टिकायची. वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा, चढ-उताराचा दर, अशा सहा तबकड्या. क्षितिजावरून निघून एकेका तबकडीला स्पर्श करायचा आणि दर वेळी क्षितिजावर परतायचं, असं नजरेचं फिरणं सवयीत मुरवावं लागतं. कीबोर्डच्या उजवीकडच्या आकड्यांवर सगळं विमान चालायचं. ८ दाबलं की नाक खाली, २ दाबलं की वर, ५ दाबलं की मध्ये. आणि ७ व १ म्हणजे ट्रिम. ट्रिम कळायला मला वर्ष लागलं. विमानाला एका वेगाशी बांधून ठेवायचं आणि मग हात काढून घ्यायचा, एवढंच ते आहे. पण नवशिक्याचा हात निघत नाही. तो उंची धरायला नाक ओढतो, वेग पडतो, मग नाक दाबतो, वेग वाढतो, आणि विमान लाटेवरच्या होडीसारखं चालतं. सेसना उतरवताना ६५ नॉट्सला ट्रिम करा आणि उंचीचा हिशेब इंजिनाच्या ताकदीवर सोडा, हे ज्या दिवशी बोटांना पटलं, त्या दिवशी माझं विमान पहिल्यांदा हवं तिथे टेकलं. इतक्या वर्षांत यंत्रं बदलली, पडदे बदलले, हे मात्र तसूभरही बदललेलं नाही.

पुढे घरी पेंटियम आला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्लीतून पंधरा पिनांची जॉयस्टिक आणली. दर दोन महिन्यांनी तिच्या पोटातले पोटेन्शिओमीटर धूळ खायचे आणि विमान आपोआप डावीकडे झुकायचं. ती उघडायची, कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पुन्हा कॅलिब्रेट करायची. १९९९च्या आवृत्तीत जगभरचे विमानतळ आले, पुण्या-मुंबईचेही. लोहगावच्या धावपट्टीवर विमान उभं करून उंचीमापकावर १,९४२ फूट वाचले, त्या संध्याकाळी मी घरातल्या प्रत्येकाला बोलावून तो आकडा दाखवला होता.

तर काकाचं म्हणणं बरोबर होतं. त्या काळी सिम्युलेटरमधल्या भारताच्या जमिनीला साधारण दर किलोमीटर-सव्वा किलोमीटरला उंचीचा एक आकडा असायचा. दोन आकड्यांमध्ये यंत्र सरळ उतार ओढून देई. किलोमीटरभरात सहाशे-सातशे मीटर कोसळणाऱ्या सह्याद्रीच्या कड्याचं अशा चाळणीत काय होणार? त्याचं टेकाड झालं होतं. राजमाची नव्हती, ढाक नव्हता, नागफणी नव्हती.

उपाय आकाशातूनच आला होता. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या अवकाशयानाने ६० मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून, त्याच्या टोकाला रडारचा दुसरा अँटेना लावून, अकरा दिवसांत पृथ्वीवरच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. अमेरिकेबाहेरचे आकडे दर नव्वद मीटरला एक अशा जाळीत सर्वांसाठी खुले झाले. अक्षांश-रेखांशाच्या एका अंशाचा एक चौकोन, त्यात १,२०१ ओळी, दर ओळीत १,२०१ आकडे. अक्षांश १८ आणि रेखांश ७३च्या चौकोनात लोहगाव आहे, लोणावळा आहे, कर्जत, पनवेल आहे. चौदा लाख बेचाळीस हजारांवर आकडे, आणि फाइल तीन एमबीचीही नाही. माझा अर्धा महाराष्ट्र दोन फ्लॉप्यांवर मावत होता.

ते आकडे सिम्युलेटरच्या भाषेत बांधायचं साधन मायक्रोसॉफ्टनेच छंदिष्टांसाठी दिलेलं होतं. तरी काम सोपं नव्हतं. रडार तिरकं बघतं, त्यामुळे उंच कड्यांच्या आड त्याची सावली पडते आणि तिथे आकडाच मिळत नाही. अशा प्रत्येक जागी उणे ३२,७६८ लिहिलेलं असतं. ते तसंच बांधलं तर डोंगरात तळ नसलेली विहीर उघडते. मी त्या विहिरी एकेक करून बुजवत बसलो. आजूबाजूच्या आकड्यांवरून अंदाज बांधायचा, समोच्च रेषांच्या नकाशावर भिंग धरायचं, आणि तरी शंका उरली तर काकाला विचारायचं. तो डोळे मिटून सांगायचा, "इथे पदर आहे. पदरात रान. मग पुन्हा कडा." आम्ही दोघांनी तो एक पावसाळा असाच घालवला. रात्री संगणक ते चौकोन बांधत राहायचा आणि पंख्याच्या आवाजात मी झोपायचो.

दिवाळीच्या आधी पुन्हा लोहगावहून उडालो. दिशा २९७ अंश, उंची साडेसहा हजार फूट, जुहू ६९ सागरी मैल. साधारण चाळीस मिनिटांचं उड्डाण. नकाशावर लोहगाव आणि जुहू सरळ रेषेने जोडलं तर ती रेषा जवळजवळ राजमाचीच्या डोक्यावरून जाते, हे मला तोवर माहीत नव्हतं. साधारण निम्मी वाट कापल्यावर पुढची जमीन संपली. खरोखर संपली, पठाराची कड दिसली आणि तिच्यापलीकडे धूसर निळं कोकण. आणि कडेवर दोन उंचवटे, मध्ये खिंड. काका पुढे वाकला, काचेला बोट लावलं आणि म्हणाला, "श्रीवर्धन. हा मनरंजन." पुढे काही बोलला नाही. मीही नाही.

त्यानंतर आम्ही उत्तरेचा चौकोन घेतला, कारण काकाला हरिश्चंद्रगड हवा होता. तिथे मात्र हरलो. सिम्युलेटरची जमीन ही एका अंथरलेल्या चादरीसारखी असते, एका जागेला एकच उंची. कोकणकडा पोटात आत वळलेला आहे. माथ्याच्या कडेखाली पोकळी आहे, म्हणजे एकाच जागेवर वर खडक, खाली हवा आणि त्याखाली पुन्हा जमीन. हे चादरीला जमत नाही. आकडे कितीही दाट केले तरी जमणार नाही. आमचा कोकणकडा सरळ भिंतीसारखा उभा राहिला. काकाने तो दोन-तीनदा विमान फिरवून बघितला आणि "ठीक आहे, पण वाटी नाही," एवढं म्हणाला. मला ते अजून सलतं.

मधल्या वर्षांत एकदा हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर खऱ्या ग्लायडरमध्ये बसायला मिळालं. विंचने ओढून वर फेकलं, दोर सुटला आणि वाऱ्याचा आवाज तेवढा उरला. शिक्षकांनी काही क्षण दांडी माझ्या हातात दिली. नजर बरोबर फिरत होती, वेगही मी धरला होता, पण वळताना ग्लायडर आडवं घसरत होतं. "पाय कुठं आहेत तुमचे?" मागून आवाज आला. पाय नुसते ठेवलेले होते. इतकी वर्षं मी बोटांनी उडत होतो. रडर संगणक सांभाळत होता. घरी येताच रडरची पेडल्स शोधायला लागलो. हा छंद करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: महागडा पडदा मागून घ्या, आधी पेडल्स घ्या.

१८ ऑगस्ट २०२० रोजी नवा सिम्युलेटर आला. फ्रान्समधल्या बोर्दोच्या असोबो स्टुडिओने केलेला. उपग्रहाची छायाचित्रं, जगभरचे डोंगर, त्या क्षणीचं खरं हवामान, सगळं इंटरनेटवरून उड्डाण चालू असतानाच येतं. टाळेबंदीचे दिवस होते, घराबाहेर पडणं मोजकंच. मी लोहगावहून उडालो आणि राजमाची समोर आली. काही न करता आली. दोन्ही बालेकिल्ले, खालचं उधेवाडी, तळं. डोळे भरून आले, हे कबूल करतो.

पण तो ऑगस्ट होता. ढग खरे होते, घाटमाथ्यावर दाटून आलेले, काचेवर पाऊस होता, आणि खालचा सह्याद्री तपकिरी होता. उपग्रहाला जमीन दिसते ती आकाश मोकळं असताना, म्हणजे आपल्याकडे हिवाळ्या-उन्हाळ्यात. त्यामुळे श्रावणातल्या पावसाखाली फाल्गुनातलं वाळलेलं गवत. ज्याने घाट श्रावणात पाहिला नाही त्याला हे कळणारही नाही. यंत्राने जमवलेल्या जमिनीला जमीन माहीत असणारा माणूस अजून लागतोच, असं माझं ठाम मत आहे. आणि दुसरी काळजी अशी की चित्र इतकं देखणं झालंय की नवी मुलं सहा तबकड्यांकडे बघतच नाहीत. ढगात शिरलं की अर्ध्या मिनिटात त्यांचं विमान कलंडतं. त्यांनी महिनाभर तरी ढगातच उडावं.

जुना संगणक मी मोडीत काढला नाही. त्यावर अजून २००३ची आवृत्ती आहे, आणि तिच्यात मेग्ज फील्ड आहे. खरं मेग्ज आता नाही. ३० मार्च २००३च्या मध्यरात्री शिकागोचे महापौर रिचर्ड डेली यांच्या आदेशाने बुलडोझर आले आणि धावपट्टीत मोठमोठ्या फुल्या खणून गेले. उभी असलेली विमानं अडकून पडली. जगभर ज्यांनी आपलं पहिलं उड्डाण तिथून केलं होतं, त्यांतल्या बहुतेकांनी ती जागा प्रत्यक्ष कधी पाहिलेली नव्हती, मीही नाही. तरी बातमी वाचून आपलं गाव उठल्यासारखं वाटलं. २००६च्या आवृत्तीत मेग्ज नव्हतं.

लोहगाव-जुहू मी अजूनही महिन्यातून एकदा त्या जुन्या संगणकावर उडतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणून पस मॉथ उतरवलं ते जुहूला, म्हणून शेवट तिथेच. मिनिटाला पाचशे फुटांनी उतरायचं तर साडेसहा हजारांवरून एक हजारावर यायला अकरा मिनिटं लागतात. वेग १२० नॉट्स, म्हणजे बावीस मैल. म्हणून पनवेलच्या थोडं अलीकडेच इंजिन कमी करावं लागतं. नाक जरा खाली जातं आणि समोर खाडी दिसू लागते.

पनवेलपलीकडे, त्या खाडीजवळ, आता खरा विमानतळ आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. त्यासाठी गावं उठली, उलवे नदी वळवली, आणि सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून सपाट केली. एंडेव्हरने आकडे घेतले ते फेब्रुवारी २०००चे. अशा जुन्या आकड्यांच्या सीडी आणि फाइली कुणाकडे असतील तर कृपा करून टाकू नका. माझ्या चौकोनात, पनवेल ओलांडल्यावर लगेच, उलव्याची टेकडी अजून उभी आहे.