मातेरा : मुक्काम गुहेत

इटलीच्या दक्षिणेला, बाझिलिकाता प्रांतातल्या मातेराला जायचं ठरलं की खोलीची शोधाशोध एका वेगळ्याच प्रश्नापासून सुरू होते. घरात झोपायचं की गुहेत? मोबाइलवर एकामागून एक फोटो सरकतात. पिवळसर दगडाची कमान, पांढरीशुभ्र चादर, कोनाड्यात मंद दिवा, आणि भाडं साध्या हॉटेलपेक्षा चांगलंच चढं. याच गुहांमधून माणसांना बाहेर काढण्यासाठी १९५२ मध्ये इटलीच्या संसदेला कायदा करावा लागला होता, हे त्या फोटोंखाली सहसा लिहिलेलं नसतं.

गावाला पोहोचणंही सरळ नाही. २०१९ मध्ये मातेरा युरोपची सांस्कृतिक राजधानी म्हणून मिरवलं, पण तेव्हाही इटलीच्या सरकारी रेल्वेची गाडी तिथे येत नव्हती. बारी शहरातून निघणारी, स्थानिक कंपनीची अरुंद रुळांवरची गाडी ऑलिव्हच्या बागा आणि गव्हाची शेतं ओलांडत दीड-दोन तासांत मातेराला आणते. अल्तामुराला बऱ्याचदा गाडी बदलावी लागते किंवा तिचे डबे दोन दिशांना जातात, तेव्हा आपण कोणत्या डब्यात बसलोय हे आधीच विचारून घेतलेलं बरं. रविवारी बसवर भिस्त ठेवावी लागते.

स्टेशनबाहेरचं मातेरा कुठल्याही इटालियन गावासारखं आहे. बँका, बुटांची दुकानं, कॉफी पीत गप्पा छाटणारे म्हातारे. वित्तोरियो वेनेतो चौकातल्या कमानींपाशी गेलं की मात्र पायाखालची जमीन संपते आणि खाली सगळा डोंगरउतार घरांनी भरलेला दिसतो. एकाच्या छपरावरून दुसऱ्याचा रस्ता गेलाय, आणि धुराडं चालणाऱ्याच्या गुडघ्याशी उगवलंय. या गुहावस्त्यांना सास्सी म्हणतात. मधल्या टेकाडावर तेराव्या शतकातलं कॅथेड्रल, त्याच्या एका अंगाला सास्सो बारिझानो, दुसऱ्या अंगाला सास्सो कावेओझो. समोर ग्राविना नदीची खोल दरी आणि पलीकडच्या उजाड पठारावर आणखी गुहा, त्यांतल्या कित्येक अश्मयुगापासून वापरात असलेल्या.

खोली निवडताना हा भूगोल कामाला येतो. बारिझानोत डागडुजी जास्त झाली आहे, हॉटेलं आणि खानावळी तिथेच अधिक. कावेओझो अधिक रांगडा, अधिक शांत. दोन्हीकडे गाडी दारापर्यंत येत नाही, आणि पायऱ्या इतक्या की चाकांच्या बॅगेचा उपयोग शून्य. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी सरळ वरच्या सपाटीवरच्या गावात खोली घ्यावी आणि दरी पाहायला खाली उतरावं, त्यात कमीपणा काही नाही. गुहेतली खोली घेणाऱ्याने दोन गोष्टी विचाराव्यात : खिडकी आहे का, आणि ओल काढणारं यंत्र आहे का. इथला चुनखडीचा दगड मऊ आहे, कुदळीने कोरता येतो, म्हणून तर हे गाव झालं. पण तोच दगड पाणी धरून ठेवतो. उन्हाळ्यात आत गारवा सुखाचा असतो, हिवाळ्यात तीच हवा हाडांत शिरते. माणशी रोजचा पर्यटन-कर बहुतेक ठिकाणी बिलात वेगळा लागतो.

पाण्याची गोष्ट इथे मुळापासून समजून घेण्यासारखी. पावसाचा थेंब वाया जाऊ नये म्हणून छपरं, गल्ल्या, पन्हळी सगळं टाक्यांकडे उतरतं केलेलं. वित्तोरियो वेनेतो चौकाच्या पोटात पालोम्बारो लुंगो नावाचं अवाढव्य टाकं आहे, क्षमता सुमारे ५० लाख लिटर. विसाव्या शतकात नळाचं पाणी आल्यावर ते विस्मरणात गेलं आणि १९९१ मध्ये पुन्हा उजेडात आलं. आज तिकीट काढून आतल्या लोखंडी पुलावरून चालता येतं. पाणी झिरपू नये म्हणून भिंतींना दिलेला गिलावा अजून घट्ट आहे, आणि वर पाहिलं की बादल्या सोडायची भोकं दिसतात.

मातेरा मुळात दरिद्री नव्हतं. १६६३ पासून ते बाझिलिकाताची राजधानी होतं. १८०६ मध्ये नेपोलियनचा भाऊ जोसेफ नेपल्सच्या गादीवर असताना राजधानी पोतेंझाला गेली. मेंढपाळीचा धंदा खालावला, माणसं वाढली आणि कोठारं, गोठे, पाण्याच्या टाक्यासुद्धा राहण्यासाठी वापरात आल्या. फॅसिस्ट राजवटीने १९३५ मध्ये तुरीनचा डॉक्टर, चित्रकार आणि लेखक कार्लो लेव्ही याला या प्रांतात हद्दपार केलं. त्याच्या १९४५ च्या पुस्तकात त्याच्या डॉक्टर बहिणीने पाहिलेलं मातेरा आहे : ट्रॅकोमाने डोळे गेलेली, मलेरियाने पोखरलेली मुलं, आणि तिच्यामागे पैशांऐवजी क्विनीन मागत धावणारी पोरं. देशभर खळबळ उडाली. कम्युनिस्ट नेते तोल्यात्ती यांनी सास्सींना राष्ट्राची लाज म्हटलं. पंतप्रधान दे गास्पेरी १९५० मध्ये स्वतः येऊन बघून गेले, आणि दोन वर्षांत कायदा झाला.

सुमारे १५ हजार माणसं, म्हणजे जवळपास निम्मं गाव, वरच्या नव्या वसाहतींत हलवली गेली. ला मार्तेल्ला ही त्यांतली गाजलेली. वास्तुविशारद लुदोविको क्वारोनी आणि सहकाऱ्यांनी तिथे घराशेजारी पण वेगळा गोठा दिला, कारण शेतकऱ्याला जनावर नजरेआड नको होतं. नळ आला, संडास आला. मात्र सास्सीत एका अंगणाभोवती आठ-दहा बिऱ्हाडं जगत होती, तो शेजार मोडला. माणसं परतू नयेत म्हणून रिकाम्या गुहांची तोंडं विटांनी बंद केली गेली. पुढची तीसेक वर्षं ही वस्ती ओसाड होती. दिग्दर्शक पासोलिनीला १९६४ च्या आपल्या येशूपटासाठी जेरुसलेम सापडलं ते याच ओसाडीत. १९८६ मध्ये जीर्णोद्धाराचा कायदा झाला, १९९३ मध्ये युनेस्कोची मोहोर उमटली. सास्सीचा मोठा भाग आजही सरकारी मालकीचा असून जागा दीर्घ मुदतीच्या कराराने वापरायला दिल्या जातात. म्हणजे पाहुणा ज्या खोलीचं भाडं भरतो ती बऱ्याचदा हॉटेलवाल्याचीही नसते.

काही हॉटेलांनी या इतिहासाचाच माल केला. सेक्सतांतियो नावाच्या हॉटेलच्या गुहांमध्ये टीव्ही नाही, जुने लाकडी दरवाजे आहेत, मेणबत्त्या आहेत. नाश्ता जुन्या कोरीव चर्चमध्ये मिळतो. देखणं आहे, यात वाद नाही. पण साधेपणाला एवढी किंमत मोजताना थोडं अवघडल्यासारखं व्हायला हवं.

त्यासाठी विको सॉलितारियोमधली कासा ग्रोत्ता पाहावी. एका कुटुंबाची गुहा सामानासकट जपली आहे. मक्याच्या सालपटांनी भरलेली गादी, तिचा पलंग उंच, कारण ओल टाळायची आणि खाली कोंबड्या ठेवायच्या. कपाटाचा खण ओढला की तान्ह्या पोराचं अंथरूण. पाठीमागे खेचराची जागा, त्याच्या अंगाची ऊब हीच थंडीतली शेगडी. इथे येऊन गेलेल्याला मग कावेओझोतली सान्ता लुचिया आल्ले माल्वेसारखी कोरीव चर्चं आणि त्यांच्या भिंतींवरची फिकटलेली भित्तिचित्रं निराळी दिसतात. मोन्तेर्रोने खडकावरच्या चर्चपासून हे सगळं हाकेच्या अंतरावर आहे.

खाण्यापिण्यात शाकाहाऱ्याची इथे उपासमार होत नाही. वाटलेल्या बाकल्याच्या शेंगांच्या दाण्यांबरोबर कडसर चिकोरीची भाजी मिळते, आणि वाळवून तळलेल्या लाल मिरच्या, पेपेरोनी क्रुस्की. आपल्या तळलेल्या सांडगी मिरचीची नातेवाईकच, फक्त तिखटपणा वजा. पाव मात्र मातेराचाच खावा. रव्यासारख्या कठीण गव्हाच्या पिठाचा, जाड सालीचा, आठवडाभर टिकणारा. पूर्वी भट्टी सामाईक असायची, म्हणून प्रत्येक घर आपल्या पावावर लाकडी शिक्का मारत असे. ते शिक्के आता आठवणवस्तूंच्या दुकानांत विकायला असतात.

२ जुलैला ब्रुना मातेचा उत्सव असतो. कागदाच्या लगद्याचा शृंगारलेला रथ मिरवतो आणि शेवटी जमाव त्याच्या चिंधड्या करून तुकडे घरी नेतो. त्या दिवसांत खोली हवी तर कित्येक महिने आधी ठरवावी. एरवी दोन रात्री तरी राहावं, कारण दिवसभराच्या बसगाड्या संध्याकाळी निघून गेल्यावरच सास्सीच्या गल्ल्या चालण्याजोग्या होतात. आणि गुहेत खोली घेतलीच असेल तर आधी कासा ग्रोत्ता पाहावी, किल्ली त्यानंतर घ्यावी.