भाऊबीजेनंतरची एसटी

वसुबारस उलटली की निगडी रिकामी व्हायला लागते. वल्लभनगरच्या स्टँडवर मराठवाड्या-खानदेशाकडे जाणाऱ्या जादा गाड्या लागतात. पाठीवर सॅक आणि हातात मिठाईचा बॉक्स घेतलेली पोरं रात्री उशिरापर्यंत ट्रॅव्हल्सची वाट बघत उभी असतात. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी तर जुना मुंबई-पुणे रस्ता आमच्यासारख्या म्हाताऱ्यांनाही घाई न करता ओलांडता येतो.

कारखान्यांचं गाव सणाला भकास दिसतं, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६६ साली टेल्को आली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं आणि निगडीच्या माळावर पेठा आखल्या गेल्या. त्या पेठांमध्ये जे राहायला आले, ते सगळे कुठल्या ना कुठल्या गावाहून आले. सणाला ते गावाकडे जाणारच. मागे राहिलेल्या निगडीत सकाळी रांगोळ्या तेवढ्याच निघतात, फक्त त्या निवांत बघायला मिळतात.

आम्हाला मात्र नोकरीच्या काळात दिवाळीला कधी जोडीनं गावी जाता आलं नाही. हे मेंटेनन्सला होते. कंपनी बंद म्हणजे सगळ्यांना सुट्टी, आणि मेंटेनन्सवाल्यांचं खरं काम तेव्हाच सुरू. वर्षभर धावणारी मशिनं त्या चार दिवसांतच उघडता येतात. बेअरिंग बदलायचं, ऑइल काढायचं, कन्व्हेअर तपासायचा. फराळ झाला की मुलांना घेऊन मी एकटी गावाकडची, लातूरजवळच्या औशाची गाडी धरायची. ज्या वर्षी इथेच राहिले, त्या वर्षी पाडव्याचं औक्षण पहाटे, कंपनीची बस यायच्या आत. निरांजनाच्या उजेडात ह्यांच्या अंगावर गणवेश, आणि ओवाळणी टाकताना अर्धं लक्ष रस्त्याकडे. तक्रार म्हणून सांगत नाही. त्या बसनंच आमचं घर उभं राहिलं.

आता पाडव्याला ओवाळून झालं की आम्ही आकुर्डी स्टेशनवर जाऊन लोणावळा लोकल धरतो. एरवी उभं राहायला जागा नसते, त्या दिवशी खिडकी मिळते. देहूरोड, बेगडेवाडी मागे पडलं की हवा बदलते. कामशेतच्या आसपास भाताची कापणी चाललेली असते, कापलेले पेंढे खाचरात आडवे टाकलेले असतात. हा इंद्रायणी तांदूळ ह्याच पट्ट्यातला, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातला. मळवलीला उतरून लोहगड-विसापूर खालूनच बघायचे, डब्यातल्या चकल्या खायच्या आणि परतीची लोकल धरायची. गुडघ्यांना एवढंच झेपतं आणि मनाला एवढं पुरतंही.

आमचा मोठा प्रवास भाऊबीजेनंतरचा. तेव्हा लातूरहून येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या आणि तिकडे जाणाऱ्या जवळजवळ मोकळ्या. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी मोफत झाली आणि पुढच्या वर्षी बायकांना अर्धं तिकीट. ह्यांचं तिकीटच नाही, माझं अर्धं. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० साली गेली ती गेलीच, म्हणून लांबच्या वाटेलाही आम्हाला एसटीच बरी वाटते.

गावी थांबायचं ते येळवशीपर्यंत. मार्गशीर्षातली ही अमावास्या लातूर-धाराशिवकडे दिवाळीच्या तोडीची. त्या दिवशी गावात चूल थंड आणि माणसं शेतात. कडब्याची कोप करायची, आत चुना लावलेले पाच दगड म्हणजे पांडव मांडायचे. ओला हरभरा, तूर, वाटाणा, वाल, शेंगदाणे घालून बेसनात दाटसर शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मडक्यात. वाटेनं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून जेवायला बसवतात. लातुरात ह्या सणाला सरकारी सुट्टी असते; पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना मात्र येळवस ठाऊकच नाही. लग्नानंतर इतकी वर्षं हे कोपीत बसून जेवले नव्हते. निवृत्तीनंतर पहिल्यांदा बसले, तेव्हा वाढणाऱ्या वहिनींना म्हणाले, "अजून वाढा, मागचं बरंच राहिलंय." वहिनींनी डोळे पुसले आणि वाढत राहिल्या.

आमच्या इमारतीत खाली निलंग्याचा एक मुलगा राहतो, चाकणला कंपनीत आहे, नवीनच लागलाय. येळवशीला त्याला रजा मिळत नाही. आम्ही निघालो की जिन्यात हटकून विचारतो, "काकू, ह्या वेळी कोप कुणाच्या शेतात?" त्याच्यासाठी एक डबा वेगळा भरून आणते. भज्जी दुसऱ्या दिवशी उलट जास्तच मुरते. आंबील मात्र आणता येत नाही, गाडीत फसफसते. ती तिथेच प्यायला हवी, म्हणून पुढच्या वर्षीची रजा आतापासूनच साहेबांच्या कानावर घाल, असं त्याला सांगून ठेवलंय.