पोरं उदास गाणी ऐकतात तेव्हा



नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, आणि तुमच्या घरातलं चौदा-पंधरा वर्षांचं कुणी खोलीचं दार लावून संथ, उदास गाणी ऐकत बसतं? मग ही पोस्ट तुमच्यासाठी.

माझी लेक सध्या 'द क्युअर' या इंग्लिश बँडचा 'डिसइंटिग्रेशन' ऐकते. अल्बम १९८९चा, म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हाचा! मी पडले सीए, मोजल्याशिवाय चैन नाही. सीडीवर १२ गाणी, साधारण ७२ मिनिटं. पहिल्या गाण्यात शब्द यायलाच अडीच मिनिटं जातात. तोवर घंट्यांची किणकिण, की-बोर्डच्या लाटा, संथ ड्रम. आपल्याकडे बंदिशीआधी आलाप असतो ना, तसंच. आधी हवा तयार होते, मग शब्द येतात. रॉबर्ट स्मिथ तेव्हा तिशीला टेकला होता, आणि वय सरत चालल्याची धास्ती त्या गाण्यांत आहे.

आपल्या पोरांना हे जवळचं का वाटतं? शाळेत जर्मन, घरी मराठी, आजी-आजोबा स्क्रीनवर. "कशी आहेस?" विचारलं की "मस्त" म्हणायचं. हा अल्बम मात्र ७२ मिनिटं कुणाला "हस बघू" म्हणत नाही.

इथे तर या संगीताचा मेळाच भरतो. लाइपझिगचं 'वेव्ह-गोटिक-ट्रेफेन' १९९२ला सुरू झालं. फिंगस्टनच्या सुट्टीत सुमारे २० हजार माणसं येतात. क्लारा-त्सेटकिन पार्कात व्हिक्टोरियन पिकनिक असते: काळे लेसचे झगे, छत्र्या, आणि बाबागाडीत बाळंसुद्धा.

व्हिडिओ कॉलवर सासूबाई विचारतात, "अगं, पोरीने सारखं काळं काय घातलंय?" मी म्हणते, "आई, संक्रांतीला आपण नेसतोच की!"

एक मात्र लक्षात ठेवा. उदास गाणी ऐकणं वेगळं, आणि आतून खचणं वेगळं. झोप, जेवण, मैत्रिणी, शाळा यातलं काही सुटत चाललंय असं दिसलं, तर गाणी बंद करू नका. मुलांशी बोला, डॉक्टरांकडे जा. जर्मनीत मुलांसाठी ११६१११ हा मोफत फोन आहे, नावही सांगावं लागत नाही.

एरवी दार वाजवा, आत जाऊन शेजारी बसा. पहिली अडीच मिनिटं काही बोलू नका.

तुमच्याकडे काय वाजतंय सध्या? कमेंटमध्ये सांगा.