दुर्बिणीचे पाय

चाळिशी आली की चष्मा येतो, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून त्याचा कोणी बाऊ करीत नाही. माझाही चष्मा वेळेवर आला आणि नाकावर मुकाट्याने बसला. हातांची थरथर मात्र कोणाला न विचारता आली. ती प्रथम मला बशीने सांगितली. शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुटीत चहाचा कप उचलला की बशी किणकिणू लागे, आणि सगळे आपापल्या वह्यांत अधिकच डोके घालीत. मग खडूने सांगितले. एकदा फळ्यावर 'शार्दूलविक्रीडित' लिहीत असताना त्यातल्या सगळ्या वेलांट्यांना लाटा आल्या आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, भूकंप झाला वाटतं!" वर्ग हसला, मीही हसलो. त्या दिवशी घरी जाताना मात्र नेहमीचा रस्ता सोडून लांबच्या रस्त्याने गेलो.

डॉक्टरांनी मला हात पुढे धरायला लावले, कागदावर गोल काढायला लावला आणि विचारले, "वडिलांचे हात थरथरतात का?" मी म्हटले, "हो." ते म्हणाले, "मग वारसा समजा. जिवाला धोका नाही." कोणाला वडिलांकडून भातखाचरे मिळतात, कोणाला कलमांची बाग. कोकणातली आमची चार खाचरे अजून आप्पांच्याच नावावर आहेत. पण हा वारसा त्यांच्या हयातीतच माझ्या नावावर चढला!

फळ्याचे दुःख मी गिळले असते. शाळेत हल्ली खडूवाचूनही शिकवता येते. दुःख होते ते दुर्बिणीचे. माझ्या पहिल्या कादंबरीने मला कीर्ती दिली नाही, दुर्बीण दिली. मानधनाचे सगळे पैसे त्यात घातले. तिच्यावर १० x ४२ असे आकडे आहेत. दहा म्हणजे पाखरू दहापट जवळ येते, आणि बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाची रुंदी, मिलिमीटरात. दुकानदार इतके सांगतो. जे तो सांगत नाही ते असे की, पाखराबरोबर हाताची थरथरही दहापट जवळ येते.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर अंजनेरीचा डोंगर आहे. हनुमंताचे जन्मस्थान म्हणून लोक तिथे जातात; मी जातो तो गिधाडांसाठी. लांब चोचीची गिधाडे तिथल्या कड्यांच्या कपारींत घरटी करतात. विष्ठेचे पांढरे ओघळ कातळावर दिसले की समजावे, वर बिऱ्हाड आहे. हिवाळ्यात एकच अंडे घालायचे आणि दोघांनी मिळून पिलू वाढवायचे, असा त्यांचा शांत संसार. एके काळी या देशात गिधाडांना तोटा नव्हता. १९९० नंतरच्या काही वर्षांत ती अशी झपाट्याने नाहीशी झाली की, गावाबाहेर टाकलेली ढोरे तशीच कुजू लागली. कारण २००४ साली उघड झाले. जनावरांना दुखण्यावर देत असलेले डायक्लोफेनॅक हे औषध मेलेल्या ढोराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर आपल्याकडे बंदी आली. तेव्हा उरलेसुरले एकेक घरटे पाहणे म्हणजे मला दूरच्या नातेवाइकाची खुशाली विचारल्यासारखे वाटते. जवळ जाणे बरे नव्हे, ती बिचकतात; दुरूनच पाहिले पाहिजे. आणि दुरून पाहावे तर गिधाड कपारीत बसल्या बसल्या झिम्मा खेळताना दिसे!

मी दुर्बीण कपाटात ठेवून दिली. पत्नी काही बोलली नाही. फक्त दर रविवारी तिच्या पेटीवरची धूळ पुसून पेटी थोडी पुढे सरकवून ठेवू लागली.

अशात गणपतीला माझ्या चुलतभावाचा मुलगा आला. तो अमेरिकेत ॲरिझोनात असतो आणि तिथे, सांगायला संकोच वाटतो, हरणांची शिकार करतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने ते दार बंद झाले. तिकडे ठरावीक हंगाम असतो, अर्जांच्या चिठ्ठ्या निघून परवाना मिळतो आणि जनावरांची संख्याही नेमून दिलेली असते. मोदक खाता खाता तो शिकारीच्या गोष्टी सांगू लागला, तशी माझी पत्नी उठून आत गेली. मी मात्र ऐकत राहिलो, कारण त्याच्या गोष्टीत बंदूक फारशी नव्हतीच.

"काका, बंदूक हातात पाच मिनिटं, दुर्बीण आठ तास," तो म्हणाला. तिथल्या कोरड्या डोंगरांत पांढऱ्या शेपटीच्या हरणांची एक लहानखुरी, करड्या रंगाची जात आहे. खडक आणि हरीण यांत फरक म्हणून दिसत नाही. मग शिकारी पहाटे एका धारेवर चढतो, बूड टेकतो आणि समोरचा डोंगर पुस्तकासारखा वाचतो. डावीकडून उजवीकडे एक ओळ, मग खालची ओळ. हरीण शोधायचेच नाही. शोधायचा तो एक कान, एखादी आडवी पाठीची रेघ. पंधरापट मोठे दाखवणाऱ्या दुर्बिणी ते लोक वापरतात. "त्या हातात कोणालाच धरता येत नाहीत. कोणाचाही हात हलतोच की. म्हणून तिवई."

'कोणाचाही हात हलतोच' हे वाक्य मी दोनदा ऐकून घेतले.

दुर्बिणीच्या दोन नळ्यांच्या मधल्या दांड्याला पुढून एक टोपण असते. ते फिरवून काढले की आत आटे दिसतात. तिथे एक काटकोनी तुकडा बसवायचा आणि तो तिवईच्या डोक्यावर. इतकी वर्षे मी ते टोपण शोभेचे समजत होतो.

लगेच बाजारात जाऊन मी तिवई आणली. दुकानदार म्हणाला, "कापसासारखी हलकी आहे, सर." त्यात खोटे काही नव्हते. अंजनेरीच्या पठारावर वाऱ्याची पहिली झुळूक येताच ती कापसासारखीच निघाली! दुर्बीण मी वरच्या वर झेलली, गुडघा फुटला. पुन्हा उभी केली, तर तिची मान हळूहळू खाली झुके. कितीही आवळा, दोन मिनिटांत दुर्बीण जमिनीला नमस्कार करी. इतकी विनयशील वस्तू शिकारीच्या काय, शिक्षकाच्याही उपयोगाची नाही.

पुतण्याला फोन केला. तो हसला आणि मग आपण कसे निवडतो ते त्याने सांगितले. त्या डोंगरांत पिण्याचे पाणी पाठीवर न्यावे लागते, म्हणून तिवईचा एकेक तोळा पाण्याशी भांडतो. हलकी हवी, पण हलता कामा नये. सगळी गोम या दोन शब्दांत आहे. पायाचे तुकडे जितके जास्त, तितकी घडी आखूड होते आणि पिशवीत मावते. पण शेवटचा तुकडा बोरूसारखा बारीक होतो आणि थरथर तिथूनच सुरू होते. मधला दांडा उंच केला की तीन पायांचे काम एका पायावर येते. तो खालीच ठेवावा. बसून पाहणाऱ्याने माणूसभर उंचीचे वजन का वाहावे? कार्बनच्या धाग्यांचे पाय ॲल्युमिनियमपेक्षा हलके असतात, त्यांतला कंप लवकर विरतो आणि पहाटेच्या थंडीत ते हाताला चावत नाहीत. मात्र खिशाला चावतात. डोके गोळ्याचे घेऊ नये. गोळा सैल केला की दुर्बीण चारी दिशांना लोळते. आडवे-उभे वेगवेगळे फिरणारे डोके घ्यावे, म्हणजे ओळ सुटत नाही. आणि वारा असला की पाठीवरची पिशवी तिवईच्या पोटाला टांगावी.

दुसऱ्या वेळी मी स्वतःची दुर्बीण घेऊन दुकानात गेलो. तिवई दारात उभी केली, पाय पूर्ण लांबवले, वरून दाबून पाहिले आणि समोरच्या मिठाईच्या दुकानावरची पाटी दुर्बिणीत धरली. मग एका पायावर टिचकी मारायची आणि अक्षरे किती वेळात शांत होतात ते पाहायचे. दुकानातल्या मुलाला माझ्या डोक्याविषयी शंका आली असावी. चार तिवया झाल्या. पाचवीत 'आमची कोठेही शाखा नाही' ही अक्षरे एकदा शहारली आणि कोरल्यासारखी थांबली. वजन सव्वा किलो. किंमत ऐकून पत्नी एवढेच म्हणाली, "धूळ पुसायचं एक काम कमी झालं."

जानेवारीत अंजनेरीला गेलो. बसलो, पिशवी टांगली, डोळे लावले. कपारीत मादी होती की नर, ते दुरून ओळखता येत नाही. पण मानेभोवतीची पिसांची कळी दिसत होती, वाऱ्याने एकेक पीस हलत होते. फक्त पीस हलत होते. हात मी मांडीवर ठेवले होते. ते तिथे आपले थरथरत होते आणि त्याचा वर कोणाला पत्ता नव्हता.

फेब्रुवारीत गावी गेलो तो तिवई घेऊनच. आप्पांची ऐंशी उलटली आहे. तरुणपणी ते गावच्या पारधीला जात. १९७२ नंतर ठासणीची बंदूक उरली ती भातातून रानडुकरे हाकलण्यापुरती. बांधाच्या मातीत बार काढायचा, डुकरे पळायची. माझ्या लहानपणी ते नळी एका बेचक्याच्या काठीवर टेकवून बार काढीत. शिकाऱ्याचा तो खास रुबाब, असे आम्हां पोरांना वाटे. आम्हीही बेचकी तोडून तसे करीत असू. तेव्हा आप्पा माझ्या आजच्या वयाचे होते, हे मला पडवीत तिवई उघडताना प्रथमच सुचले.

परसापलीकडे जुना बेहडा आहे. त्याच्या ढोलीत धनेशाच्या मादीने स्वतःला लिंपून घेतले होते. नुसती चोच मावेल एवढी फट ठेवलेली. नर त्यातून तिला उंबरे भरवतो. दुर्बीण ढोलीवर नेमून मी आप्पांना स्टुलावर बसवले. "हात लावू नका, नुसते डोळे लावा." बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हलत नाही रे."

"नाही हलत."

"केवढ्याला?"

मी निम्मी किंमत सांगितली. तीही त्यांना फार झाली. ते उठले, पडवीच्या आढ्यात हात घालून चाचपले आणि धुराने काळी पडलेली ती बेचक्याची काठी काढून तिवईशेजारी टेकवून ठेवली.

"हिला कोयत्याचे दोन घाव पडले होते."

"आप्पा, ही तुम्ही कधीपासून वापरायला लागलात?"

त्यांनी माझ्या हातांकडे पाहिले. मी ते मागे घेतले नाहीत. मग ते पुन्हा स्टुलावर बसले, डोळे लावले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "बोलू नको आता. तो आलाय परत."