सदोष केबल

काकांना विंडोज येत नसे. कामाला हात लावायच्या आधी ते तसं सांगूनच टाकत, "विंडोज तुझं, डबा माझा." डबा म्हणजे आमच्या सर्व्हर रूममधला स्टोरेज ॲरे. त्याची एएमसी सांभाळायला ते कोल्हापूरहून यायचे. साठीला टेकलेले, खिशाला दोन पेनं, बगलेत पिवळ्या कागदांचं पॅड. उमेदीची वर्षं लाइन प्रिंटर आणि टेप ड्राइव्ह दुरुस्त करण्यात गेलेली. मी तेव्हा सत्तावीसचा, कृष्णाकाठच्या एका सहकारी बँकेत सिस्टिम ॲडमिन, आणि सर्टिफिकेट फ्रेम करून भिंतीवर लावलेला. आज मी पुण्यात ज्या खुर्चीवर बसून हे लिहितोय, ती त्यांच्यामुळे आहे.

२०१५ चा मार्च. मार्चअखेर म्हणजे बँकेत लग्नघरच. एरवी रात्री अकराला लावलेलं डे-एंड दीडपर्यंत आटपायचं. त्या रात्री दोन वाजले तरी अर्ध्यावरच अडकलेलं. आमचं दोन नोडांचं हायपर-व्ही क्लस्टर होतं, विंडोज सर्व्हर २०१२ आर२ वर. चौदा व्हर्च्युअल मशिन्स, आणि सगळ्यांच्या डिस्क एकाच सामायिक व्हॉल्यूमवर. क्लस्टर मॅनेजर उघडला तर सगळं हिरवंगार. एकही मशीन बंद नाही. फक्त व्हॉल्यूमपुढे 'रीडिरेक्टेड ॲक्सेस' असे दोन शब्द, आणि मालक म्हणून नोड एकचं नाव.

मी सरळ हिशेब केला. मालक नोड एक, म्हणजे दुखणं नोड एकचं. रीस्टार्ट मारायचा. मारणारच होतो, पण एएमसीच्या नियमाप्रमाणे आधी कॉल नोंदवावा लागे, म्हणून काकांना फोन लावला.

"इव्हेंटचा नंबर काय पडलाय?"

"५१२१."

"वीस नाही ना? नीट बघ."

"एकवीसच."

"लिहिलाय कुठल्या नोडनं?"

तो रकाना मी पाहिलाच नव्हता. "नोड दोननं."

"मग एकाला कशाला मारतोस, लेका? माऊसवरचा हात काढ. येतो मी."

विंडोज न येणाऱ्या माणसाला हे दोन नंबर पाठ होते. ५१२० म्हणजे त्या नोडपुरता व्हॉल्यूम गेला. ५१२१ म्हणजे व्हॉल्यूम आहे, पण त्या नोडची स्वतःची वाट तुटली आणि त्याचं वाचणं-लिहिणं आता नेटवर्कवरून मालक नोडमार्फत चाललंय. काका हे भाऊबंदकीतल्या विहिरीवरून समजावत. विहीर एक, पंप दोन भावांचे दोन. एकाचा पाइप फुटला तर तो दुसऱ्याच्या पाटातून पाणी घेतो. पीक जळत नाही, पण पाणी करंगळीएवढ्या धारेनं येतं. आमच्याकडे फायबरचा पाइप आठ गिगाबिटचा होता आणि नेटवर्कचा पाट एक गिगाबिटचा. आणि मी निघालो होतो ज्याच्या पाटातून पाणी येत होतं त्याचाच पंप बंद करायला. नोड एक रीस्टार्ट झाला असता तर व्हॉल्यूमची मालकी नोड दोनकडे गेली असती, त्याला तर डिस्क दिसतच नव्हती. चौदाच्या चौदा मशिन्स आडवी झाली असती, तीही डे-एंडच्या मध्यात.

सव्वातीनला काका दुचाकीवरून आले, कानटोपी घालून. आल्या आल्या त्यांनी मला डेटाबेसचं मशीन नोड एकवर हलवायला लावलं. लाइव्ह मायग्रेशनमध्ये फक्त मेमरी या घरातून त्या घरात जाते, डिस्क जागची हलत नाही. मशीन चांगल्या पाइपावर आलं आणि पाच मिनिटांत डे-एंड सुटलं. हे मला दीड तास आधी सुचायला हवं होतं. काका त्यावर काही बोलले नाहीत. वॉचमनला चहा सांगितला आणि पॅड उघडलं.

त्यावर त्यांनी तीन उभे रकाने आखले. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ५१२१ ची वेळ ००:५२. क्लस्टर लॉगमध्ये तीच घटना १९:२२ ला, कारण तो लॉग वेगळं सांगितलं नाही तर यूटीसीत लिहिला जातो, आपल्या साडेपाच तास मागे. फायबर स्विचच्या नोंदीत नोड दोनचं पोर्ट पडलेलं ००:२९ ला. मी म्हटलं, वेळ जुळत नाही, ही वेगळी भानगड दिसते. काकांनी स्विचवर आत्ताची वेळ विचारली आणि मनगट माझ्यापुढे धरलं. स्विचचं घड्याळ तेवीस मिनिटं मागे होतं. त्यांनी तिन्ही रकान्यांतून एक आडवी रेघ ओढली. घटना एकच.

मग मला दुसरा प्रश्न पडला. नोड दोनला वाटा दोन होत्या. दोन एचबीए, दोन स्विच, ॲरेचे दोन कंट्रोलर. एक तुटली तर एमपीआयओ दुसरीवरून काम चालवतो, त्यासाठीच तर एवढा खर्च केलेला. काकांनी दुसऱ्या स्विचची नोंद काढली. तिकडचं पोर्ट अकरा दिवसांपूर्वीच पडलेलं. एमपीआयओनं गपचूप सगळा भार उरलेल्या वाटेवर टाकला होता आणि तशी नोंदही करून ठेवली होती. ती कुणी वाचली नाही. कुणी म्हणजे मी.

काका टॉर्च घेऊन रॅकच्या मागे गेले. मी त्यांच्या खांद्यावरून पाहत होतो. नोड दोनच्या दोन्ही फायबर केबली, त्या निळसर हिरव्या, दाराच्या बिजागरीजवळ एका नायलॉनच्या टायनं करकचून बांधलेल्या. बांधलेल्या जागी दोन्ही काटकोनात वळलेल्या. फायबरला असा वळसा पडला की आतला प्रकाश वळणावरून गळतो. वरचं आवरण शाबूत असतं, डोळ्यांना काहीच दिसत नाही, पोर्टावर सीआरसी एरर तेवढ्या वाढत राहतात, आणि एक दिवस लिंक बसते. दाराच्या प्रत्येक उघडझापीला तो वळसा आणखी दाबला जात होता.

काकांनी बॅगेतून नेलकटर काढलं, टाय कापला, केबली हातानं सैल केल्या. दोन्ही पोर्टांचे हिरवे दिवे आधी लुकलुकले, मग स्थिर झाले. मी डिस्क रीस्कॅन केल्या, 'रीडिरेक्टेड' शब्द गेला. तरी त्यांनी दोन्ही केबली बदलल्या, स्वतःच्या बॅगेतल्या नव्या लावल्या. नव्या केबलीचं टोपण काढताना मी टोकात डोकावणार तोच हात आडवा घातला. त्यातला लेझर ८५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तर डोकवायचं नाही.

तो टाय मी बांधला होता. तीन आठवड्यांपूर्वी तपासनीस येणार होते, रॅक नीटनेटकी दिसावी म्हणून रविवारी एकटा बसून बांधला होता. त्याचा फोटोही काढला होता. काकांना मी सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. कापलेला टाय त्यांनी उचलून शर्टाच्या खिशात टाकला.

सकाळी साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कुणामुळे झालं हे?" दोन महिन्यांपूर्वी एटीएमच्या भानगडीत आमच्यातल्या एकाला घरी बसवलेलं, त्यामुळे प्रश्न साधा नव्हता. काका म्हणाले, "केबल गेली होती साहेब. जुनी झाली की जाते." आणि सर्व्हिस रिपोर्टवर तसंच लिहून माझी सही घेतली. केबलींचं बिल लावलं नाही.

तीन वर्षांनी ते निवृत्त झाले. आता गावी शेती बघतात. दर मार्चअखेरीला मी फोन करतो, ते द्राक्षांच्या भावाचं बोलतात, मी ऐकतो. टायचा विषय एकदाच काढला होता. "कुठला टाय?" म्हणाले, आणि पाऊस कसा आहे तिकडे असं विचारलं.

त्या रिपोर्टची माझी प्रत अजून जपून ठेवलेली आहे. त्यात दोष या रकान्यात 'फायबर केबल सदोष' असं त्यांच्या अक्षरात लिहिलंय. केबलींत काहीही दोष नव्हता.