पिंगुळीचा उजेड, यार्देनेचे पाणी

मालवणहून चौके, धामापूर, नेरूरपार असे करीत कुडाळास जाणाऱ्या वाटेवर धामापूरचा तलाव लागतो. विजयनगरच्या अमदानीतील मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० साली बांधविलेल्या या जलाशयात, वारा पडलेला असल्यामुळे, काठची झाडी व वरचे आकाश इतके निश्चल उतरले होते की, पिएरो देल्ला फ्रांचेस्का या इटालियन चित्रकाराच्या ‘ख्रिस्ताचा बाप्तिस्मा’ या चित्रातील यार्देन नदीचे मला सहजच स्मरण झाले. पंधराव्या शतकात सान्सेपोल्क्रो नगरीतील वेदीसाठी रंगविलेले ते चित्र १८६१ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. चित्रात बाप्तिस्मा देणारा योहान ख्रिस्ताच्या मस्तकावर पाणी ओततो आहे; त्या मस्तकाच्या नेमके वर, पवित्र आत्म्याचे प्रतीक म्हणून, पंख पसरलेले शुभ्र कबुतर असून त्याचा आकार भोवतालच्या ढगांशी इतका एकरूप झाला आहे की पाहणाराची नजर प्रथम त्यास ढगच समजते. ख्रिस्ताची गौर काया आणि शेजारच्या वृक्षाचा पांढुरका बुंधा एकाच सौम्य प्रकाशात न्हाले आहेत. दिव्यत्वाला रोजच्या दिवसाच्या उजेडात आणून उभे करण्याचे एवढे धैर्य मला क्वचितच कोठे आढळले आहे.

हाच विचार मनात घेऊन मी कुडाळजवळच्या पिंगुळीस पोहोचलो. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात ज्यांचा उल्लेख येतो, त्या, चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकांची परंपरा येथील ठाकर समाजाने सावंतवाडी संस्थानाच्या आश्रयाने जतन केली. परशुराम गंगावणे यांना त्याच कार्याबद्दल २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. एका वयोवृद्ध कथेकऱ्याने समई लावली, पोथीतील राम-रावण युद्धाचे पान उभे धरले आणि वीणेच्या सुरावर कथा आरंभिली. तांबड्या, पिवळ्या, काळ्या रंगांत काढलेल्या त्या पानावर सूर्य नव्हता, सावलीही नव्हती. परंतु ज्योत हलताच रावणाचे वाटोळे, विस्फारलेले डोळे जणू पापणी लववू लागले. पिएरोने आपला उजेड चित्रातच साठवून ठेविला आहे. पिंगुळीच्या पानास तो कथेकऱ्याने प्रत्येक खेळास नव्याने आणून द्यावा लागतो. येथल्या चामड्याच्या बाहुल्यांत तर दिव्याचा प्रकाश कातड्यातून पार होऊन पडद्यावर उमटतो, आणि दिवा मालविला की देव व दैत्य दोघेही नाहीसे होतात.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रे काचेआड पाहावयास मिळतात व ती अवश्य पाहावीत. पण कुडाळावरून जाणाऱ्या वाचकास माझी विनंती अशी की, त्याने पिंगुळीस वाट वाकडी करावी, गंगावणे कुटुंबाच्या ठाकर आदिवासी कला आंगणात थोडा अवकाश काढून बसावे आणि चित्रे नुसती न पाहता कथाही सांगावयास लावावी.