झाकण उघडू नका!

केक फुगला का, हे बघायला तुम्हीही सारखं झाकण उघडता? मी उघडायचे. गार हवा लागली की अर्धकच्चा केक बसतो. माझे तीन बसले. चौथा बाबांच्या वाढदिवसाचा. आई गेल्यानंतरचा पहिलाच.

बाबांनी सचिनची गोष्ट काढली. सिडनी, २००४. कव्हर ड्राइव्ह मारताना बाद होत होता, म्हणून त्याने तो फटकाच बंद केला. नाबाद २४१! दहा तास आवडता फटका नाही... मला पस्तीस मिनिटंही जड.

कुकरची शिट्टी-रिंग काढली, तळाला मीठ पसरलं, रव्याचा केक ठेवला. बाबा ओट्यापाशी पहाऱ्याला.

केक छान फुगला. एका बाजूने करपला मात्र. बाबांनी तीच बाजू आधी मागितली. आईचाही तसाच व्हायचा म्हणे.